धाराशिव जिल्हा आणि कायद्याचे शिक्षण : माध्यमाचा प्रश्न

निजामी राजवटीत धाराशिव, म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद, जिल्ह्यातील मराठी विद्यार्थ्यास कायद्याच्या शिक्षणाकडे वळताना शुल्काच्या आधी भाषेचा विचार करावा लागे. 1884 पासून हैदराबाद संस्थानची राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. पक्षकार मराठी बोलत, दप्तर उर्दूत चाले. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतूनच शिकविला जाई. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग थोर खराच. मात्र ती देशी भाषा धाराशिवची नव्हती. संस्थानची शिष्यवृत्ती उदार असे (1895 साली सरोजिनी चट्टोपाध्याय इंग्लंडला गेल्या त्या तिच्याच आधारावर), परंतु तिने उर्दूची अट सैल होत नसे. 1924 साली पुण्यास विधि महाविद्यालय निघाले, पण ते संस्थानाबाहेर, ब्रिटिश मुलखात. 1938 च्या ‘वंदे मातरम्’ सत्याग्रहात उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्या चळवळीतील पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे नागपूरचीच कायद्याची पदवी मिळविली. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ लाभले ते 1958 साली. उर्दूचे प्रयोजन मात्र संपले नाही : 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तर तपासावयास घेतले, तेव्हा उर्दू वाचणाऱ्यांची गरज पुन्हा भासली.