कुस्तीतील जोड

करवीर तालुक्यातील उचगाव हे कोल्हापूर शहरास लागून असलेले गाव. या सर्व टापूत तालमीस पूर्वापार मान आहे. अशा ठिकाणी एक प्रश्न विचारणे धाडसाचे वाटेल. पण तो विचारणे अवश्य आहे. माणसाने माणसास चीत करण्याच्या विद्येला जो समाज डोक्यावर घेतो, तो हिंसेचाच गौरव करतो काय?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासात सापडते. राजर्षी शाहू छत्रपती 1902 साली बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन कलोसियम पाहिले. त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले व 1912 साली ते कुस्त्यांसाठी खुले झाले. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली प्रेक्षकांची जागा, अशी त्याची रचना आहे. आकार रोमचा घेतला. आचार मात्र घेतला नाही. रोमच्या रिंगणात गुलाम व कैदी लोकांच्या करमणुकीसाठी प्राणास मुकत. खासबागेत पाठ मातीस लागली की झुंज तेथेच संपते.

तथापि दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. त्याच संस्थानात साठमारीचाही षोक होता. माणसे मत्त हत्तीस डिवचीत आणि तो अंगावर आला की बुरुजाच्या आडोशास धावत. धावणारा आपखुशीने उतरे. हत्तीस कोणी विचारले नव्हते. पराक्रम व क्रौर्य यांतील सीमारेषा ती हीच.

कुस्तीत प्रथम जोड पाहतात. वय, वजन व तयारी ताडून वस्ताद जोड ठरवितात. थोराने पोरास लोळविले तर त्यास कोणी शाबासकी देत नाही. दोघेही राजीखुशीने हौद्यात उतरतात, हात मिळवितात आणि पंचाचा शब्द मानतात. संमती, बरोबरी, पंच आणि शेवट या चार गोष्टींनी बळाला विद्येचे रूप येते. त्यांतील एक जरी सुटली, तरी उरते ती केवळ मारामारी. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत निर्णय न पटल्याने एका मल्लाने पंचांस लाथ मारली व त्यास तीन वर्षांची बंदी झाली. निर्णय बरोबर की चूक, हा वाद निराळा. त्या लाथेत कुस्ती नव्हती, एवढे खरे.

आता हीच कसोटी घराच्या उंबरठ्याआत लावून पाहावी. पत्नीवर उगारलेला हात, विद्यार्थ्याच्या तळहातावरील छडी, गड्याच्या कानशिलात दिलेली चपराक, यांत जोड कोठे आहे? संमती नाही, पंच नाही आणि मारणारा थकेपर्यंत शेवटही नाही. घरातील छळाविरुद्ध 2005 साली कायदा झाला. शाळेतील मारास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. म्हणजे जेथे पंच नव्हता, तेथे तो फार उशिरा आला. एरवी जोड नसलेल्या कुस्तीस नाके मुरडणारा समाज, छडीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिस्त म्हणत आला.

तालमीत जाणाऱ्या मुलाने डाव शिकावेत, अंग कमवावे. पण हौद्याबाहेर पाऊल टाकताना त्याने स्वतःस एवढेच विचारावे: समोर उभा आहे तो आपल्या जोडीचा आहे काय, आणि तो झुंजावयास आला आहे काय? नसेल, तर हात खाली घेण्यातच मल्लाची अब्रू आहे.