काशीच्या वाटेवरचे ठग

दिवाळीच्या फराळाबरोबर गळे आवळणाऱ्यांच्या कथा वाढणे फारसे शिष्टसंमत नव्हे, हे मान्य. पण चकल्या-करंज्यांचे डबे रिकामे होताच ज्यांच्या घरी काशी-प्रयागाचे बेत सुरू होतात, त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पावसाळा सरला, नद्यांना उतार झाला, वाटा कोरड्या पडल्या की घराबाहेर पडावे, ही आपल्या पूर्वजांची रीत. आणि नेमकी हीच रीत ठगांचीही होती. यात्रेकरूंचा हंगाम तोच त्यांचा हंगाम.

वाटेवरचे फासेकरी काही कंपनी सरकारच्या राज्यात उपजले नाहीत. १६६६ साली हिंदुस्थानात आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली-आग्रा रस्त्यावरील अशा लोकांचे वर्णन करून ठेवले आहे. वाटेच्या कडेला एखादी देखणी स्त्री केस मोकळे सोडून रडत बसलेली असे. दया येऊन तिला कोणी घोड्यावर मागे घेतले, की गळ्यात फास पडलाच म्हणून समजावे. पुढे एकोणिसाव्या शतकात ठगांनी स्वतः दिलेल्या जबान्या वाचल्या म्हणजे ही विद्या किती शांत डोक्याने चालत असे, ते कळते. टोळीतला गोडबोल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सोथा', प्रथम ओळख काढी. आम्हीही तिकडेच निघालो आहोत, वाट वाईट आहे, एकत्र गेलेले बरे, असे तोच सुचवी! दिवसचे दिवस सोबत होई, एकत्र जेवणे होत, मुलाबाळांच्या गोष्टी निघत. मग ठरलेल्या जागी मुक्काम पडला आणि कोणी सहज 'तंबाखू आणा' म्हटले, की ती खूण ठरे. 'भुर्तोट' मागून रुमाल टाकी, दुसरा हात धरी, आणि खड्डे खणणारे आपल्या कामाला लागत. घरी मंडळी वर्षभर वाट पाहत, दुसरे वर्ष जाई, आणि यात्रेतच देह ठेवला असेल असे मनाला समजावून दिवस करीत. चोरी झाली तर बोंब होते. इथे बोंब मारायलाच कोणी उरत नसे.

या जबान्यांत एक चमत्कारिक नियम येतो. गंगेची कावड घेऊन जाणाऱ्याला मारू नये. मात्र घागरीत गंगाजल असले पाहिजे. रिकाम्या कावडीला अभय नाही. पुण्य भरलेल्या भांड्यातच असते, हा हिशेब कोणाला सुचला असेल कोण जाणे.

ठगांना सर्वांत प्रिय सावज म्हणजे रजेवर घरी निघालेला शिपाई, कारण त्याच्या कमरेला वर्षा-दोन वर्षांचा पगार असे. असे शिपाई वारंवार नाहीसे होऊ लागले, तेव्हा १८१० साली मेजर जनरल सेंट लेजर याने फौजेला हुकूम काढला : रजेवर जाताना वाटेत अनोळखी सोबत धरू नका, अंधारात वाट चालू नका, आणि रोकड न नेता हुंडी घ्या. प्रवाशांसाठी याहून शहाणा सल्ला अजून कोणी दिलेला माझ्या पाहण्यात नाही.

त्यातला हुंडीचा भाग आपल्या सराफांना हुकमावाचूनच ठाऊक होता. पुण्याच्या पेढीवर रुपये भरावेत आणि काशीच्या पेढीवर ते उचलावेत. यातली 'शहाजोग' हुंडी मोठी हुशारीची. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत. वाटमाऱ्याने ती हिसकावली, तरी घेऊन उभा कोणाच्या दारात राहणार? मूळ कागद हरवला तर 'पेठ' लिहून मिळे, तीही गेली तर 'परपेठ'. शहाजोग हा शब्द मराठीत आज उपरोधानेच उरला, हे त्या बिचाऱ्याचे दुर्दैव. तलवारबंद स्वारांनी जितके प्रवासी वाचवले नसतील, तितके या चिठोऱ्यांनी वाचवले असावेत, असे मला तरी वाटते.

दुसरा उपाय अहिल्याबाई होळकरांचा. डोंगराळ घाटांतले भिल्ल वाटसरूंना लुटतात म्हणून त्यांनी आधी कडक बंदोबस्त केला, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. घाटातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्यालाच 'भिलकवडी' म्हणत. शिवाय त्यांना पडीक जमिनी दिल्या आणि अट घातली, की वाट तुम्ही राखायची, तुमच्या हद्दीत चोरी झाली तर माल तुम्हीच शोधून द्यायचा. माल्कमने आपल्या माळव्यावरील ग्रंथात ही व्यवस्था वाखाणली आहे. अहिल्याबाईंचे घाट आणि धर्मशाळा आपण दाखवतो, पण काशीपर्यंत माणूस जिवंत पोचावा ही सोय सहसा कोणी सांगत नाही.

ठगांचा निःपात कर्नल स्लीमनच्या नावावर आहे. १८३० च्या सुमारास फिरंगिया नावाचा नामांकित ठग माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने आमराईतून पुरलेली प्रेते दाखवून दिली. १८३६ साली कायदा झाला : अमका माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप, खून कोणता, केव्हा, हे विचारायचे कारण नाही. कायदा परिणामकारक ठरला, पण एका ठगाच्या बोटावर दुसऱ्याचे आयुष्य टांगले गेले. १८१८ नंतर फौजा मोडल्याने बेकार झालेले किती शिपाईगडी त्यात भरडले गेले असतील! देशभर पसरलेला ठगांचा एकच भवानीभक्त पंथ होता, या स्लीमनच्या चित्राविषयी आजचे संशोधक साशंक आहेत. तथापि जमिनीतून निघालेली हाडे काही काल्पनिक नव्हती.

ठग गेले म्हणून वाट निर्धोक झाली नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, घरचे कर्ज फेडावे म्हणून, चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते गावातच होते. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. पैका राहिला नाही, पण काशीहून गंगेची कावड मात्र त्यांनी आईबापांसाठी घरापर्यंत आणली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. तो घरात नसेल तर या दिवाळीत आणावा.

पुढे १८७० साली मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडचा लोहमार्ग एकत्र जुळले ते जबलपुरास. जिथे ठगांना तंबू आणि गालिचे विणायला बसवले होते, त्याच गावी. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. रुमालाची जागा मिठाईतल्या धोतऱ्याने आणि खिशातल्या बोटांनी घेतली. पोलिसांनी अख्ख्या जमातींवर शिक्के मारले. 'भामटा' हे तर एका जमातीचेच नाव, आपण ते शिवी म्हणून वापरतो. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शब्द मात्र अजून बोलण्यात आहे. आणि गाडी सुटण्यापूर्वी अनोळखी सहप्रवाशाने दिलेले खाऊ नका, असे स्टेशनावर अजूनही बजावतात.