नाथसागर: आधी धरण, मग अभयारण्य

जायकवाडी पक्षी अभयारण्यावर काम करायचं असेल, तर पक्ष्यांची यादी थोडी बाजूला ठेवा आणि आधी धरणाचा इतिहास वाचा. असं का, ते सांगतो.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. हेतू सिंचनाचा होता. जवळपास दहा किलोमीटर लांबीच्या बांधामागे शंभरावर गावांची जमीन पाण्याखाली गेली. पक्षी आले ते त्यानंतर. १९८६ मध्ये साधारण ३४१ चौ. किमी क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. म्हणजे इथे जमिनीवर कागद एकावर एक चढत गेले: आधी शेतकऱ्याचा सातबारा, मग भूसंपादन, मग वन्यजीव कायदा. पाण्याचे दरवाजे मात्र जलसंपदा विभागाकडेच राहिले.

आता हे अधिवासाच्या भाषेत बघा. नाथसागर पसरट आणि बराच उथळ आहे. पावसाळ्याच्या शेवटी तो भरतो आणि नंतर शेती, शहर, कारखाने यांच्यासाठी उतरत जातो. पाणी थोडं उतरलं तरी काठ खूप लांब सरकतो. खोल पाण्यात पाणकावळे आणि बदकं, चिखलात तुतवार आणि शेकाट्या, तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरयाची अंडी. ‘पाणथळ’ आणि ‘कोरडं’ हे इथे नकाशावरचे दोन वेगळे तुकडे नाहीत. एकच जागा ऑक्टोबरात पाणी असते, जानेवारीत चिखल आणि एप्रिलमध्ये माळ.

याच उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. अशी जमीन पिकासाठी देताना धरणग्रस्तांना प्राधान्य, हे शासनाचं जुनं धोरण. पण अभयारण्य झाल्यावर तीच शेती अतिक्रमण ठरू लागली. ज्याची जमीन बुडाली, त्यालाच दुसऱ्यांदा बाहेर काढायचं का, हा प्रश्न खरा आहे. शेतीतली रासायनिक खतं आणि कीटकनाशकं पाण्यात उतरतात, माणसांच्या वावराने घरट्यांना त्रास होतो, हेही खरंच. त्यात पट्टकदंब हंस आणि करकोचे पिकांवरही चरतात, त्यामुळे गणित आणखी गुंतागुंतीचं होतं.

मग सरसकट बंदी घालावी का? इथे भरतपूरचं केवलादेव आठवतं. १९८२ मध्ये तिथे गुरांच्या चराईवर बंदी आली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, मोकळं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांचं नुकसान झालं. म्हणून ‘गाळपेर चांगली’ असा निष्कर्ष काढू नका. म्हैस आणि खतं-औषधांवरचा गहू यांत फरक आहे. धडा एवढाच, की बंदी हासुद्धा एक प्रयोगच असतो आणि त्याचं मोजमाप करावं लागतं.

वरच्या अंगालाही बघा. नाशिक-नगरच्या धरणांमधून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, हा वाद दुष्काळात दरवेळी पेटतो. त्या पाण्यावर नदी सुरयाचं बेटही अवलंबून असतं. साठा लवकर आटला तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा: धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी, गाळपेरीच्या नोंदी आणि लँडसॅटची जुनी उपग्रह चित्रं (ती मोफत मिळतात). पक्षीगणनेच्या प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवशीची पाणीपातळी लिहा. नाहीतर पक्षी खरंच घटले, की फक्त काठ दूर सरकला, हे व्हायव्हात कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही.