जुना खेळाडू आणि ठरलेली थैली

आखाजी हा आपल्या खानदेशात सासुरवाशिणींच्या झोक्यांचा सण, तसाच तो हिशेबाचाही सण. या दिवशी सालदाराचे जुने साल भरते आणि नवे ठरते. रोख किती, धान्य किती, कपडालत्ता काय, हे ओट्यावर बसून बोलले जायचे. आता ट्रॅक्टर आले, कामे रोजंदारीवर गेली, तशी ही रीत पुष्कळ कमी झाली. पण तिच्यातला एक पेच जळगावकडच्या बागायतदाराला ठाऊक आहे आणि धुळ्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. वीस-पंचवीस वर्षे एकाच घरी राबलेला सालदार म्हातारा झाला, तर त्याचे साल काय ठरवावे? नांगर आता त्याच्या हातून होत नाही. पण बैलाचे दुखणे आणि आभाळाचा रंग ओळखावा तो त्यानेच. इकडे मालकाजवळ वर्षाच्या मजुरीचे पैसे मोजके. म्हाताऱ्याला पूर्वीइतके द्यावे, तर तरणा गडी ठेवता येत नाही. कमी द्यावे, तर गाव नावे ठेवते.

हाच पेच गेल्या काही वर्षांत खेळाच्या मैदानावर आला आहे. आकडे तेवढे कोटींचे झाले. तो कसा आला आणि कसा सोडवला गेला, हे आज पाहायचे आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण थैली राजाची होती. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे गेले की इंदूर लागते. १८९५ साली नागपुरात जन्मलेले आणि १९३२ साली हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार झालेले कर्नल सी. के. नायडू या इंदूरच्या होळकर दरबाराच्या आश्रयाला होते. दरबाराने त्यांना फौजेत हुद्दा दिला होता, आणि खेळ हीच त्यांची खरी चाकरी होती. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात ४ वेळा रणजी करंडक जिंकला. नायडू १९५६-५७ च्या हंगामातही रणजी सामने खेळत होते, आणि तेव्हा त्यांची एकसष्टी झाली होती! म्हाताऱ्या वाघाला किती द्यायचे, हे अशा आश्रयात दरबाराची मर्जी ठरवी. त्याला दिले म्हणून दुसऱ्याचे किती कमी झाले, हे कोणी मोजत नसे.

मोजण्याची पद्धत निघाली ती अमेरिकेत. श्रीमंत शहराच्या संघाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, आणि मालकांनी एकमेकांच्या चढाओढीत स्वतःचे दिवाळे काढू नये, म्हणून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घालायची, अशी ही कल्पना. बास्केटबॉलमध्ये ती १९८४-८५ च्या हंगामापासून आली. बर्फावरच्या हॉकीत मात्र तिच्यावरून मोठे भांडण झाले. मालकांनी टाळे लावले आणि २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. नंतरच्या हंगामात मर्यादा लागू झाली, ती संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलरची.

आता बघा, मर्यादा आली की पळवाट आलीच. मर्यादेच्या हिशेबात कराराची वार्षिक सरासरी धरतात. मग जुन्या खेळाडूशी लांबलचक करार करायचा, शेवटच्या वर्षांत नावापुरती रक्कम लिहायची, म्हणजे सरासरी खाली येते. आणि ती वर्षे येण्याआधी गडी निवृत्त! हे ओळखून नियम करणाऱ्यांनी पस्तिशीची रेघ ओढली. पस्तिशीनंतर अनेक वर्षांचा करार केला, तर खेळाडू मध्येच निवृत्त झाला तरी त्याचा आकडा संघाच्या खात्यावर राहणार. पण त्याच वयाच्या खेळाडूला एक दारही उघडे ठेवले. करार एकाच वर्षाचा असेल, तर ठरलेली रक्कम थोडी ठेवून बाकीची रक्कम त्याच्या खेळावर, म्हणजे बक्षिसावर, सोडता येते. यारोमिर यागर हा नावाजलेला चेक खेळाडू २०१७ साली कॅल्गरीच्या संघात आला, तो अशाच एका वर्षाच्या करारावर, आणि वय होते ४५. आपल्या भाषेत सांगायचे तर साल लहान आणि वर काम तसे दाम.

आपल्याकडे ही थैली पहिल्यांदा उघडली, ती मुंबईत, २० फेब्रुवारी २००८ रोजी. इंडियन प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या लिलावात एका संघाला जास्तीत जास्त ५० लाख डॉलर खर्चायची मुभा होती. पण सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, राहुल द्रविड अशांवर लिलावात बोली लावायची कशी? शहराशहरांतले लोक रुसले असते. म्हणून ‘आयकॉन’, म्हणजे मानाचा खेळाडू, अशी सोय काढली. हे खेळाडू आपापल्या शहरातच राहायचे, आणि त्यांना संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त मिळायचे. मुंबईने सनथ जयसूर्याला ९ लाख ७५ हजार डॉलरला घेतले. त्यामुळे चौतीस वर्षांच्या तेंडुलकरांचे मानधन आपोआप ११ लाख २१ हजार २५० डॉलर झाले.

ऐकायला हे छान वाटते. पण गंमत पुढे आहे. महेंद्रसिंग धोनीसाठी मुंबईही बोली लावत होती. समजा, धोनी १६ लाखांना मिळाला असता, तर तेंडुलकरांना १८ लाख ४० हजार द्यावे लागले असते. दोघांचे मिळून ३४ लाख ४० हजार, म्हणजे थैलीतले दोन तृतीयांशाहून जास्त पैसे दोन माणसांत संपले असते. चेन्नईला मानाचा खेळाडूच नव्हता, तेव्हा हा जोडभारही नव्हता. धोनी चेन्नईला गेला, १५ लाख डॉलरना. मुंबईने आपल्या थोर खेळाडूचा मान राखला खरा, पण त्या मानाचे वजन प्रत्येक बोलीवर पडत होते.

हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी हे वजन ओळखले. त्यांनी मानाची जागा आपणहून सोडली, म्हणजे संघाला दुसरे खेळाडू घेता यावेत. हैदराबादने अँड्र्यू सायमंड्सला १३ लाख ५० हजार डॉलरना घेतले. लक्ष्मण मानाचे राहिले असते, तर त्यांना १५ लाख ५२ हजार ५०० मिळाले असते. मिळाले ३ लाख ७५ हजार. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला राहिले, पण २००९ साली त्यांनीच करंडक जिंकला. त्यागाला लगेच फळ येते असे नाही, एवढे त्यातून घ्यावे.

यानंतरचा टप्पा २०२४ सालचा. आता थैली १२० कोटी रुपयांची होती आणि पाच जणांपर्यंत नामांकित खेळाडू राखायचे, तर १८, १४, ११, १८ आणि १४ कोटी असे दर ठरले होते. ज्या भारतीय खेळाडूने पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही, त्याला देशाकडून न खेळलेल्या नवख्यांच्या वर्गात धरावे, असा जुना बंद पडलेला नियम त्या वर्षी पुन्हा आणला. धोनीचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना २०१९ सालच्या जुलैमधला. म्हणून चेन्नईला त्रेचाळीस वर्षांचा धोनी ४ कोटींत ठेवता आला. नामांकितांच्या पाचव्या जागेवर ठेवला असता, तर १४ कोटी गेले असते. वाचले १० कोटी. त्या लिलावात नवख्याची मूळ किंमत ३० लाख होती. म्हणजे १० कोटींत तसे ३३ जण बसतात. दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर नवखा ठरला, याचे कोणाला हसू येईल, कोणाला वाईट वाटेल. हिशेब मात्र चोख बसला.

त्याच वेळी मुंबईने दुसरी वाट धरली. जसप्रीत बुमराहला १८ कोटी, हार्दिक पंड्या आणि सूर्यकुमार यादव यांना प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, आणि नागपुरात जन्मलेल्या रोहित शर्माला १६ कोटी ३० लाख. मुंबईला पाच वेळा करंडक मिळवून देणारा कर्णधार चौथ्या जागेवर. वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय खेळातून तो त्याच वर्षी निवृत्त झाला होता, आणि देशाकडून खेळणाऱ्यांना आधी मान मिळावा, असे त्याने स्वतःच सांगितले. २०२२ साली त्याला १६ कोटी होते. म्हणजे क्रम खाली गेला, रक्कम नव्हे. हा करार मला सर्वांत सरळ वाटतो. येथे टोपणनाव नाही, पळवाट नाही. आज काम कोणाचे जास्त, हे क्रमाने सांगितले, आणि जुन्या माणसाचे ताट ओढले नाही.

तेव्हा या इतिहासातून एकच गोष्ट हाती लागते. थैली ठरलेली असली, की आदर फुकट देता येत नाही. तो कोणाच्या तरी वाट्यातून जातो. बहुधा तो जातो संघातल्या शेवटच्या चार-पाच पोरांच्या वाट्यातून, ज्यांची नावे आपल्याला पाठ नसतात. लक्ष्मण सोडू शकले, कारण त्यांच्याजवळ सोडण्याजोगे होते. ज्या खेळाडूची सारी मिळकत पस्तिशीबरोबर संपते, त्याच्याकडून आपण उदारपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? म्हणून जुन्या माणसाचा वाटा त्याच्या मनाच्या मोठेपणावर टाकू नये. तो नियमात, आधी आणि सर्वांसमोर लिहावा. मग घेणाऱ्याला लाजावे लागत नाही, आणि ज्याच्या वाट्यातून तो जातो, त्यालाही आपले किती गेले ते कळते.