'राजपूत'चा घसारा

मी मूळचा हैदराबादचा, काचीगुड्याचा. १९८८ च्या पावसाळ्यात बँकेनं विशाखापट्टणमला बदली केली. 'आयएनएस राजपूत' ही विनाशिकाही त्याच जूनमध्ये मुंबई सोडून तिथं आली होती. तिच्यामागून मराठी बिऱ्हाडं आली. तेलुगू न येणाऱ्या बायका "मराठी साहेब कुठं बसतात?" असं विचारत माझ्या काउंटरवर यायच्या.

त्यात रत्नागिरीकडच्या एक वहिनी होत्या. नवऱ्यानं आधीच सह्या करून ठेवलेले बेअरर चेक घेऊन येत. मिस्टर कधी येणार विचारलं की एकच उत्तर, "बाहेर आहेत." श्रीलंकेत तेव्हा आपली शांतिसेना होती, नोव्हेंबरात मालदीवचं ओलिसांचं प्रकरण झालं. दोन्ही कामांत राजपूत होती, हे मला पुढं कळलं. एकदा शेवटच्या चेकवरची सही जुळेना. पास करता येईना, आणि बाईंचा चेहरा बघवेना. खिशातले तीनशे रुपये दिले. पंधरवड्यानं नवरा स्वतः परत करायला आला. कुठं होता विचारलं, तर म्हणाला, "बाहेर."

राजपूत बांधली सोव्हिएत निकोलायेवमध्ये, जे आज युक्रेनमध्ये आहे. ४ मे १९८० ला जॉर्जियातल्या पोती बंदरात ती आपल्या नौदलात आली. पहिले कप्तान गुलाब मोहनलाल हिरानंदानी. तिच्या मागून राणा, रणजित, रणवीर, रणविजय आल्या. गंमत बघा, तिच्या विमानवेधी क्षेपणास्त्राला 'नाटो'वाले 'गोवा' म्हणत!

आम्हा कॉमर्सवाल्यांच्या वहीत घसारा लावत गेलं की वीस-बावीस वर्षांत यंत्राची किंमत भंगारापुरती उरते. इथं उलटंच झालं. जुन्या क्षेपणास्त्रांच्या काही पेट्या काढून तिथं ब्राह्मोस बसवलं आणि २००३ मध्ये ते समुद्रातून डागलं ते याच जहाजावरून. नवं अस्त्र पारखायला जुनंच जहाज निवडलं. माझ्या मते तिची खरी कमाई तीच.

एकतीस कप्तान, पावणेआठ लाखांहून अधिक सागरी मैल. २१ मे २०२१ ला सूर्यास्ताला ध्वज उतरला. कोरोना होता, तिथं हजर असलेल्या मोजक्याच लोकांत समारंभ झाला.

त्या रात्री रत्नागिरीहून फोन आला. "जायचं होतं हो साहेब, पण बाहेरच्या कुणालाच येऊ दिलं नाही." पुढं बोलवेना त्याला. मागून वहिनींचा आवाज आला, "विचारा त्यांना, ते तीनशे परत दिले होते ना तुम्ही?"