गुठळीची नोंद

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि या गावाला हजेरीपटाची ओळख पटली. हजेरी मांडली गेली नाही तर दिवसभर राबूनही मजुरी बुडे. आजाऱ्याच्या कागदाचेही तसेच आहे. त्यात जे लिहिले नाही, ते पुढच्या डॉक्टरच्या लेखी घडलेच नाही.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, सुटते, फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस पाहता पाहता जातो. या दोन घटनांचा संबंध जर्मन वैद्य रुडॉल्फ विरचो याने १८४६ ते १८५६ या काळात उलगडून दाखविला. रोगाला नाव मिळाले. पण रोगांच्या नावांची सर्वमान्य यादी नव्हती. ती १८९३ साली झाक बर्तियों याने मांडली, तीही केवळ मृत्यूच्या कारणांची. मेलेल्यांची मोजदाद आधी झाली, जगणाऱ्या आजाऱ्यांची मागाहून! १९४८ साली या यादीची सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली, तेव्हा कुठे आजारांना तीत जागा मिळाली. त्याच साली आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा झाला. योगायोग खरा, पण आजारपणाचा भत्ता हवा तर आजाराची लेखी ग्वाही हवी, हे त्या सालाने शिकविले.

आता ती यादी संगणकात बसली आहे. दहाव्या आवृत्तीत फुप्फुसातील गुठळीला 'आय २६' हा संकेत आहे. पायाच्या खोल शिरेतील गुठळी 'आय ८०' खाली येते. इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानके केंद्र सरकारने २०१३ साली जाहीर केली व २०१६ साली सुधारली. सोय मोठी आहे. पण संकेत 'काय' ते सांगतो, 'कशावरून' ते सांगत नाही. नुसता संशय होता, की सोनोग्राफीत गुठळी दिसली? ती आताची, की पाच वर्षांपूर्वीची? चौकटीत खूण एकच उमटते आणि संशयाचे निदान होऊन बसते. मग एकाचे रक्त पातळ करणारे औषध विनाकारण चालू राहते व रक्तस्रावाची भीती वाढते. दुसऱ्याचे किमान तीन महिने घ्यावयाचे औषध पंधरा दिवसांत सुटते.

म्हणून घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर चार गोष्टी पाहून घ्या: गुठळी कोठे होती, कोणत्या तपासणीने ठरली, औषध कोणते आणि ते केव्हापर्यंत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यास डॉक्टरने कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. मजुरीचा हिशेब मागण्यासाठी आपल्या वाडवडिलांना संघटना उभारावी लागली. हाही हिशेबच आहे. तो मागण्यात संकोच कसला?