तळटीप: सहा दिवस
बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातले, सृष्टिनिर्मितीचे. प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. मग मधल्या दिवसांच्या संध्याकाळी मोजल्या कशावरून? या प्रश्नाने हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याला वर्षानुवर्षे छळले. एक भाष्य तर त्याने अर्धवटच सोडले. पुढे बारा भागांच्या भाष्यात त्याने ठरवले, की सृष्टी एकदमच झाली; दिवसांचा क्रम काळाचा नव्हे, आकलनाचा. आधार घेतला तो बायबलातल्या सिराक या ग्रंथातल्या (१८:१) ‘सिमुल’ (एकाच वेळी) या लॅटिन शब्दाचा. ग्रीक पाठातला शब्द मात्र ‘सरसकट’ अशा अर्थाचा आहे, आणि ऑगस्टिनचे ग्रीक बेताचेच होते! प्रॉटेस्टंट बायबलात सिराक सहसा सापडणार नाही. वाचकांनी कॅथलिक प्रत पाहावी. — संपादक